विभागून दिलेली किरणमात्रा आणि वाढते हाड

कपाशीला नत्राची संपूर्ण मात्रा एकाच वेळी न देता विभागून द्यावी, ही शिफारस आता बहुतेकांच्या अंगवळणी पडली आहे. एका शिवारफेरीत याच विषयावर मी बोलत होतो. कार्यक्रम संपल्यावर एक शेतकरी बाजूला थांबून राहिले. त्यांच्या आठ वर्षांच्या मुलीच्या कमरेच्या हाडात गाठ निघाली होती. औषधोपचार चालू होता आणि दसऱ्याच्या सुमारास किरणोपचार सुरू व्हायचे होते. ते म्हणाले, "सर, नत्र तीनदा का द्यायचं ते समजलं. पण माझ्या पोरीला आठवड्यातून पाच दिवस, असे सहा आठवडे शेक देणार म्हणतात. एकदाच का देत नाहीत? ऐन सोयाबीन काढणीत आम्ही दोघं नवरा-बायको शहरात अडकून पडणार. निम्म्यावर घरी आणलं तर चालेल का?"

मी कृषिविद्येचा शिक्षक, डॉक्टर नाही. त्या वेळी मी त्यांना एवढेच सांगितले, "दादा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही दिवस चुकवू नका. मी माहिती घेऊन सांगतो." त्यानंतर या विषयाचे वाचन केले आणि किरणोपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून शंकांचे निरसन करून घेतले. हा प्रश्न अनेक घरांत पडत असेल, म्हणून ती माहिती येथे देत आहे. यातील बराचसा भाग कोंबडीची पिले, मेंढे आणि उंदीर यांच्यावरील प्रयोगांतून पुढे आलेला आहे.

हाड कोठून वाढते?

पाया-हाताचे लांब हाड मधून ताणून वाढत नाही. ते दोन्ही टोकांजवळ असलेल्या कूर्चेच्या पातळ थरातून वाढते. या थराला आपण वाढीची चकती म्हणू. कोवळ्या बोकडाची नळी शिजवली की तिचे टोक टोपीसारखे सुटून येते, हे अनेकांनी पाहिले असेल. ते सुटते ती जागा म्हणजे ही चकती होय. जून बोकडाच्या नळीचे टोक असे सुटत नाही, कारण तेथील चकतीचे हाड झालेले असते.

या चकतीत पेशी एकावर एक रचलेल्या नाण्यांच्या चळतीप्रमाणे उभ्या रांगांत असतात. टोकाकडील पेशींचे सतत विभाजन होऊन नव्या पेशी तयार होतात. त्याखालील पेशी फुगून मोठ्या होतात, त्यांच्याभोवती कॅल्शियमचे क्षार साठतात आणि शेवटी त्या जागी हाड तयार होते. अशा रीतीने हाडाची लांबी वाढते. ज्वारीचे किंवा उसाचे कांडे पेराजवळच्या कोवळ्या भागातून लांबते, त्यासारखाच हा प्रकार आहे. तो कोवळा भाग दुखावला तर कांडे आखूड राहते. जून झालेल्या कांड्याला तेवढीच इजा झाली, तर लांबीत फरक पडत नाही.

गाय-बैलाच्या पुढील पायाच्या नळीची खालची चकती साधारण दोन ते अडीच वर्षांच्या वयात बंद होते. माणसात मुलींची वाढ साधारण १४ ते १६ वर्षांपर्यंत आणि मुलांची १६ ते १८ वर्षांपर्यंत चालते. पायाच्या लांबीतील जवळजवळ दोन तृतीयांश वाढ गुडघ्याच्या वरच्या व खालच्या चकत्यांतून होते. म्हणून लहान मुलाच्या गुडघ्याजवळची इजा अधिक महागात पडते.

वाढत्या पेशी किरणांना नाजूक

क्ष-किरणांचा शोध राँटजेन या जर्मन शास्त्रज्ञाने १८९५ साली लावला. पुढे आठच वर्षांनी, १९०३ साली, जर्मन शल्यचिकित्सक पेर्थेस यांनी कोंबडीच्या नवजात पिलांच्या पंखावर क्ष-किरण सोडून पाहिले. किरण दिलेल्या पंखाची वाढ खुंटली. किरणांमुळे वाढत्या हाडाची वाढ थांबते, हे दाखविणारा हा अगदी सुरुवातीचा प्रयोग होय.

१९०६ साली फ्रान्समधील बर्गोनिए आणि त्रिबोंदो यांनी यासंबंधी एक नियम मांडला. ज्या पेशींचे विभाजन जोरात चालू असते आणि ज्यांनी अजून आपले कायमचे रूप घेतलेले नसते, त्या पेशी किरणांना अधिक बळी पडतात. कर्करोगाच्या गाठीवर किरणांचा उपयोग होतो तो याच कारणाने. परंतु वाढीच्या चकतीतील पेशीही विभाजन पावणाऱ्याच असतात. गाठीवर सोडलेले किरण जवळच्या चकतीवर पडले, तर तिलाही झळ लागते. मुलांच्या किरणोपचारातील खरी अडचण येथेच आहे.

मेंढ्याने दिलेला धडा

सुरुवातीच्या काळात किरणांची मोठी मात्रा एकदम देण्याकडे कल होता. पॅरिस येथील क्लोद रेगो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगांनी ही समजूत बदलली. मेंढ्याच्या वृषणावर किरण सोडून त्याला निर्बीज करता येते का, हे त्यांनी पाहिले. किरणांची मात्रा एकदम दिली असता मेंढा निर्बीज होण्याआधीच वृषणावरील कातडी फार भाजून निघे. तेच काम काही आठवड्यांत मात्रा विभागून केले, तेव्हा मेंढा निर्बीज झाला आणि कातडी बऱ्याच अंशी वाचली.

रेगो यांनी वृषणाकडे गाठीचा नमुना म्हणून पाहिले, कारण दोन्हींत पेशींचे विभाजन सतत चालू असते. कातडी म्हणजे गाठीभोवतीचा निरोगी भाग. त्याच संस्थेतील आंरी कुतार यांनी १९२० नंतरच्या दशकात घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांना अशी विभागून मात्रा देण्यास सुरुवात केली. आज जगभर चालणाऱ्या पद्धतीचे मूळ या कामात आहे.

येथे एक शंका येईल. विभागून दिल्याने कातडी वाचली, मग वृषणातील पेशी का वाचल्या नाहीत? याचे उत्तर आपल्याला कोळपणीत सापडते. तण एकाच कोळपणीने जात नाही. पहिल्या कोळपणीत जे उगवून आले तेवढेच मरते. आठ-दहा दिवसांनी दुसरा फेर उगवतो, तो दुसऱ्या कोळपणीत सापडतो. पेशीसुद्धा प्रत्येक वेळी सारख्याच नाजूक नसतात. विभाजनाच्या ठराविक अवस्थेत त्या अधिक नाजूक असतात. आज ज्या पेशी वाचल्या, त्यांतील काही उद्या त्या अवस्थेत येतात आणि उद्याच्या मात्रेत सापडतात.

निरोगी पेशी कशा सावरतात?

किरणांमुळे पेशीतील आनुवंशिक धाग्याला म्हणजे डीएनएला इजा होते. हा धागा दोन पदरांचा असतो. बैलाच्या कासऱ्याचा एक पदर तुटला तर तो पुन्हा वळून घेता येतो. दोन्ही पदर जवळजवळ एकाच जागी तुटले तर कासरा तुटतो. किरणांच्या लहान मात्रेत बहुतेक ठिकाणी एक पदर तुटतो आणि पेशी तो काही तासांत दुरुस्त करते. मोठी मात्रा एकदम दिल्यास पहिली इजा दुरुस्त होण्यापूर्वीच दुसरी होते आणि पेशी मरते.

१९५९ साली अमेरिकेतील एल्काइंड आणि सटन यांनी प्रयोगशाळेत वाढविलेल्या हॅम्स्टर या प्राण्याच्या पेशींवर ही गोष्ट दाखवून दिली. एकूण मात्रा तेवढीच ठेवून ती काही तासांच्या अंतराने दोन हप्त्यांत दिली, तेव्हा एकदम दिलेल्या मात्रेपेक्षा अधिक पेशी जगल्या. मधल्या वेळेत त्यांनी दुरुस्ती करून घेतली होती. दिवसातून दोनदा किरण द्यायचे झाल्यास दोन वेळांत निदान सहा तासांचे अंतर ठेवतात, ते याचसाठी.

वाढत्या हाडावरील प्रयोग

दूध नुकतेच तुटलेल्या उंदराच्या पिलांवर या विषयाचे बरेच काम झाले आहे. या पिलांची वाढ वेगाने होते, त्यामुळे परिणाम काही आठवड्यांतच मोजता येतो. सर्वसाधारणपणे एका पायाच्या गुडघ्यावर किरण देतात आणि दुसरा पाय तसाच ठेवतात. आपल्या प्रयोगात जसा खत न दिलेला प्लॉट तुलनेसाठी ठेवतात, तसा दुसरा पाय तुलनेसाठी असतो. वाढ झाल्यावर दोन्ही पायांची हाडे मोजली जातात.

एकदम मोठी मात्रा, उदाहरणार्थ १७.५ ग्रे, दिलेल्या प्रयोगांत किरण दिलेला पाय दुसऱ्यापेक्षा आखूड राहिला. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता चकतीतील पेशींच्या सरळ रांगा विस्कटलेल्या दिसल्या. मात्र मधूनमधून जगलेल्या पेशींचे लहान पुंजके होते आणि त्यांपासून पुन्हा रांगा तयार होऊ लागल्या होत्या. १९८८ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या अशाच प्रयोगात रोज एक हप्ता आणि रोज अनेक लहान हप्ते यांची तुलना केली गेली. लहान हप्ते दिलेल्या पिलांच्या हाडाची वाढ कमी प्रमाणात खुंटली.

म्हणजे एकूण मात्रा तीच असली तरी हप्ता लहान आणि मध्ये सावरायला वेळ, अशी व्यवस्था केल्यास चकतीतील अधिक पेशी वाचतात. त्या शेतकरी दादांच्या प्रश्नाचे निम्मे उत्तर येथे मिळते. सगळी मात्रा एकदम दिली असती तर गाठीबरोबर मुलीची कातडी, आतडी आणि वाढते हाड यांचीही भरून न येणारी हानी झाली असती.

मात्रा किती असते?

किरणांची मात्रा ग्रे या एककात मोजतात. एक किलो वजनाच्या वस्तूत एक ज्यूल ऊर्जा शोषली गेली म्हणजे एक ग्रे मात्रा झाली. खालील आकड्यांवरून अंदाज येईल.

(१) छातीचा एक क्ष-किरण फोटो : ०.१ मिलिग्रे किंवा त्याहून कमी
(२) किरणोपचाराचा एक नेहमीचा हप्ता : १.८ ते २ ग्रे
(३) कांद्याचे कोंब रोखण्यासाठी : साधारण ६० ते ९० ग्रे
(४) अमेरिकेस निर्यातीच्या आंब्यासाठी : किमान ४०० ग्रे

उपचाराचा एक हप्ता छातीच्या फोटोच्या निदान अठरा-वीस हजार पट असतो. म्हणून एखाद्या फोटोने मुलाची उंची खुंटेल, अशी भीती बाळगू नये. तसेच या उपचाराला 'शेक' म्हणत असले तरी त्याने अंग तापत नाही. दोन ग्रे मात्रेने शरीराचे तापमान एका अंशाच्या हजाराव्या भागानेही वाढत नाही. किरणांचे काम उष्णतेने होत नसून पेशीतील धागा तुटण्याने होते.

विभागणीची मर्यादा

मात्रा विभागली म्हणजे हाडाला काहीच होत नाही, असा समज करून घेऊ नये. विभागणीने हानी कमी होते, नाहीशी होत नाही. अंतिम परिणाम पुढील बाबींवर अवलंबून असतो.

(१) एकूण मात्रा : वाढीच्या चकतीवर एकूण २० ग्रेपेक्षा अधिक मात्रा पडल्यास, विभागून दिली तरी, वाढीत लक्षात येण्याजोगी घट होऊ शकते.

(२) वय : जेवढे वय कमी तेवढी पुढची वाढ जास्त शिल्लक, म्हणून तेवढे नुकसान अधिक. सोळा वर्षांच्या मुलाला जी मात्रा फारशी जाणवणार नाही, ती दोन वर्षांच्या बाळाला जाणवते.

(३) जागा : चकतीच्या एकाच बाजूवर किरण पडले तर ती बाजू मागे राहते, दुसरी वाढते आणि हाड वाकते. पाठीच्या मणक्यांच्या बाबतीत पाठीला बाक येतो. म्हणून मूत्रपिंडाच्या गाठीसाठी किरण देताना गाठ एकाच बाजूस असली तरी त्या पातळीवरील मणक्यांची पूर्ण रुंदी किरणांच्या क्षेत्रात घेतात. मणका थोडा कमी वाढला तरी चालेल, परंतु वाकडा वाढू नये, हा त्यामागील हेतू आहे.

मुलांच्या मूत्रपिंडाच्या गाठीसाठी आता अनेकदा १.८ ग्रेचे सहा हप्ते, म्हणजे एकूण १०.८ ग्रे मात्रा पुरते, कारण सोबत औषधे दिली जातात. हाडातील गाठीला मात्र बरीच जास्त मात्रा लागते. तेथे वाढीत काही उणीव राहणार, हे डॉक्टरांना आधीच माहीत असते. आधी जीव वाचविणे आणि मग हाड जपता येईल तेवढे जपणे, असा हा क्रम आहे.

कांद्याला एकदम, मुलाला विभागून

आपल्या जिल्ह्यांत किरणांचा उपयोग शेतमालासाठीही होतो. लासलगाव येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचे 'कृषक' हे विकिरण केंद्र २००२ साली सुरू झाले. तेथे गॅमा किरण देऊन कांद्याचे कोंब येणे रोखता येते. कांद्याच्या पोटातील वाढीच्या अंकुराची विभाजनशक्ती किरणांनी नष्ट होते, पण भोवतालच्या पाकळ्या तशाच राहतात. येथे मात्रा एकदम देतात, कारण अंकुराला सावरू द्यायचेच नसते. त्याउलट मुलाच्या शरीरातील निरोगी भागाला सावरू द्यायचे असते, म्हणून तेथे मात्रा विभागतात. नियम एकच, हेतू वेगळा.

किरण दिलेला कांदा किरणोत्सारी होत नाही, तसेच बाहेरून यंत्राने किरण दिलेले मूलही किरणोत्सारी होत नाही. त्याला जवळ घ्यावे, त्याच्याबरोबर जेवावे, भावंडांना त्याच्याशी खेळू द्यावे. पोटात किरणोत्सारी औषध दिले असेल तर गोष्ट वेगळी. त्या वेळी रुग्णालय जे दिवस आणि अंतर सांगेल ते पाळावे.

हप्ता का चुकवू नये?

आता प्रश्नाचे उरलेले निम्मे उत्तर. कोळपणीचा एक फेर चुकला तर मधल्या काळात तण पिकावर चढते. पुढच्या कोळपणीने ते पूर्वीइतके आटोक्यात येत नाही. गाठीचेही तसेच आहे. ठरलेल्या वेळापत्रकात खंड पडला तर उरलेल्या रोगट पेशी पुन्हा वाढू लागतात. निम्म्यावर उपचार सोडल्यास निरोगी हाडाने किरणांची झळ तर सोसलेली असते, पण गाठ मात्र पुरती मरत नाही. म्हणजे नुकसान पदरात पडते आणि फायदा हातचा जातो. शनिवार-रविवारची सुटी वेळापत्रकात धरलेली असते, आपण घेतलेली सुटी धरलेली नसते.

नत्राच्या विभागणीशी तुलना येथे संपते. नत्राचा दुसरा हप्ता पाऊस नसल्याने चार दिवस लांबला तर पीक सांभाळून घेते. किरणांच्या हप्त्यात तशी सवलत आपण आपल्या मनाने घेऊ नये.

पालकांनी घ्यावयाची काळजी

(१) ठरलेले सर्व हप्ते पूर्ण करावेत. ताप, प्रवास किंवा यंत्र बंद असल्यामुळे हप्ता चुकल्यास त्याच दिवशी डॉक्टरांना कळवावे. तो कसा भरून काढायचा हे ते ठरवतात.

(२) कातडीवर काढलेल्या खुणा घासून पुसू नयेत. किरण त्याच जागी पडावेत म्हणून त्या असतात.

(३) किरण दिलेल्या जागी हळद, तेल, बाम किंवा झाडपाल्याचा लेप डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नये.

(४) लहान मूल स्थिर राहत नसल्यास भूल देऊन किरण देतात. त्या दिवशी उपाशीपोटी आणण्यास सांगितले असेल तर ते काटेकोर पाळावे.

(५) उपचाराचे कागद, विशेषतः एकूण मात्रा आणि किरण दिलेली जागा लिहिलेला कागद, जमिनीच्या कागदांइतकाच जपून ठेवावा.

(६) उपचार संपल्यावरही वाढ पूर्ण होईपर्यंत दरवर्षी उंची, दोन्ही पायांची लांबी आणि पाठीचा कणा तपासून घ्यावा. वयात येताना वाढ झपाट्याने होते, त्या वेळी फरक अधिक दिसून येतो. तो वेळीच लक्षात आल्यास बुटाची उंची वाढविणे, पट्टा किंवा शस्त्रक्रिया असे उपाय करता येतात.

(७) राहण्याची किंवा खर्चाची अडचण असल्यास उपचार सोडण्यापूर्वी रुग्णालयातील समाजसेवा अधिकाऱ्यांना अवश्य भेटावे.

जनावराचा फोटो काढताना

वासराचा पाय मोडल्यास पशुवैद्यकीय रुग्णालयात क्ष-किरण फोटो काढतात. त्या मात्रेने वासराच्या हाडाची वाढ खुंटत नाही. मात्र जनावर धरणाऱ्याने शिशाचा अंगरखा आणि हातमोजे घातल्याशिवाय उभे राहू नये. गरोदर स्त्रिया व मुले यांनी खोलीबाहेर थांबावे. किरणांच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट केले तर मात्रा एक चतुर्थांश होते, हे लक्षात ठेवावे.

शेवटी थोडेसे

ही माहिती घेऊन मी त्या शेतकरी दादांना पुन्हा भेटलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "म्हणजे मधले दिवस रिकामे नसतात तर?" ते रिकामे नसतात. त्या दिवसांत निरोगी हाड दुरुस्ती करीत असते. त्यांची सोयाबीन भावकीने आणि शेजाऱ्यांनी सावड करून काढली, मळणीही करून दिली. मुलीचे सर्व हप्ते पूर्ण झाले. आता तिची दरवर्षी मोजणी होते.

आपल्या गावात असे मूल असेल तर त्याच्या आई-वडिलांना सल्ला देण्यापेक्षा त्यांचे एक शेत सावडीने काढून द्यावे. हंगामात घरचे काम अडले की उपचाराचा हप्ता चुकण्याची भीती असते. ते काम गावाने उचलले, तर तेवढे दिवस आई-वडिलांना मुलाजवळ थांबता येईल.